मागच्या चाकाचा ब्रेक : कातड्यापासून मोटरपर्यंत

सहामाही परीक्षा संपली त्या आठवड्यात आम्ही तिघं शिक्षक एका गॅरेजमध्ये बाकड्यावर बसलो होतो. आमच्यापैकी एकाच्या गाडीचे ब्रेक पॅड बदलायचे होते. मिस्त्रींनी पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बोलता बोलता बदलून टाकले. मागच्या चाकाशी आल्यावर मात्र त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि कपाटातून मोबाइलपेक्षा थोडं मोठं, वायर जोडलेलं एक यंत्र काढलं.

"सर, पुढचे पॅड मी डोळे मिटून बदलतो. मागच्याला हात लावायचा तर आधी गाडीला विचारावं लागतं."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. हे यंत्र घेण्याआधी त्यांनी अशाच एका गाडीचे मागचे पॅड जुन्या सवयीने बदलायला घेतले होते. पिस्टन मागे सरकेना, म्हणून क्लॅम्प लावून जोर दिला. आतून 'कट' असा आवाज आला. आतली मोटर आणि तिचे दाते कामातून गेले. नवा भाग त्यांनी पदरच्या पैशाने आणून बसवला. "वीस वर्षं हेच काम करतोय. पण त्या दिवशी वाटलं, आपल्याला काहीच येत नाही," ते म्हणाले.

वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला एका सुट्या भागाने असं का अडवावं? या प्रश्नाचा माग काढत आम्ही ब्रेकच्या इतिहासात शिरलो. तो इतिहास विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल असा वाटला, म्हणून हा लेख.

थांबवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी थोडं गणित. १००० किलो वजनाची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने चालली आहे. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, हे सूत्र मुलांना पाठ असतं. उत्तर येतं २ लाख जूल. गाडी थांबते तेव्हा ही ऊर्जा नाहीशी होत नाही. साध्या ब्रेकमध्ये तिची बहुतेक सगळी उष्णता होते. एक लिटर पाण्याचं तापमान साधारण ४८ अंशांनी वाढवायला पुरेल एवढी ही उष्णता काही सेकंदांत ब्रेकमध्ये उतरते. वेग दुप्पट केला, तर ती चौपट होते.

म्हणजे ब्रेक हे उष्णता तयार करणारं आणि ती हवेत सोडून देणारं यंत्र आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासायचे, त्यांतला एक मुद्दाम मऊ ठेवायचा आणि तो झिजला की बदलायचा. आजवर ब्रेक अनेक प्रकारांनी बदलले, पण झिजणारा आणि बदलावा लागणारा हा तुकडा कोणालाच पूर्णपणे टाळता आलेला नाही.

पहिली दुरुस्ती

ऑगस्ट १८८८. जर्मनीतल्या मानहाइम गावातून बेर्टा बेंझ या बाई आपल्या दोन मुलांना घेऊन पहाटे निघाल्या. त्यांचे पती कार्ल बेंझ यांनी तीन चाकांची मोटारगाडी बनवली होती, पण तिच्यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. बाईंनी पतीला न सांगता ती गाडी बाहेर काढली आणि शंभर किलोमीटरहून थोडं जास्त अंतर कापून फोर्त्सहाइम इथे आपलं माहेर गाठलं. मोटारीने केलेला पहिला लांबचा प्रवास म्हणून हा प्रवास ओळखला जातो.

वाटेत चढ-उतार बरेच होते. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून निकामी व्हायला लागले. बेर्टाबाईंनी एका गावात जोडे शिवणाऱ्या कारागिराला गाठलं आणि त्या ठोकळ्यांवर कातडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या अस्तराची, म्हणजे आज ज्याला आपण लायनर किंवा पॅड म्हणतो त्याची, ही सुरुवात मानली जाते.

या प्रसंगातली एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या कारागिराला मोटार म्हणजे काय हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. तरी दुरुस्ती त्याला जमली. काय झिजतंय, कशावर घासतंय आणि त्याजागी काय चालेल, हे सगळं त्याला डोळ्यांनी दिसत होतं.

घोडागाडीचे ब्रेकही असेच होते. तरफ ओढली की लाकडाचा ठोकळा चाकाच्या लोखंडी धावेवर दाबला जाई. पण १८८८ मध्येच जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं, आणि पुढच्या काही वर्षांत मोटारींना रबरी टायर आले. रबरावर ठोकळा घासला तर टायरच फाटणार. त्यामुळे घासायची जागा चाकाच्या कडेवरून आत, धुऱ्याजवळ न्यावी लागली. ब्रेक डोळ्यांआड जायला लागला तो इथपासून.

ड्रम, डिस्क आणि धूळ

१९०२ साली दोन वेगळ्या वाटा फुटल्या. फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेक पुढे आणला. चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा आणि त्याच्या आतून बाहेरच्या दिशेने दाबले जाणारे दोन अर्धगोल 'शू', अशी त्याची रचना. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यांच्या ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली जाई. कल्पना उत्तम होती, पण धातूवर धातू घासून कर्कश आवाज होई. त्या काळी ड्रमची सरशी झाली.

आता प्रश्न राहिला अस्तराचा. इंग्लंडमधल्या डार्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचे गृहस्थ फिरतीची विक्री करत. तिथले गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्यांवर जुन्या बुटांचं चामडं ठोकतात हे पाहून त्यांना कल्पना सुचली, असं सांगतात. १८९७ मध्ये त्यांनी अस्तरं बनवायचा उद्योग सुरू केला. 'फेरोडो' हे त्यांच्या मालाचं नाव 'फ्रूड' या आडनावावरून केलेलं आहे. सुरुवातीची अस्तरं सुती होती. सूत तापलं की करपतं. म्हणून १९०८ पासून फ्रूड यांनी ॲस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली. हे खनिज धाग्यासारखं विणता येतं, जळत नाही आणि स्वस्त असतं. ब्रेकसाठी याहून चांगला पदार्थ कुठला? जगभर तेच रूढ झालं.

पण अस्तर झिजतं, म्हणजे त्याची धूळ होते. ही धूळ ड्रमच्या डब्यात साठून राही. मिस्त्री ड्रम उघडत आणि ती धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवत. ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि कित्येक दशकांनी कर्करोगही उद्भवू शकतो. १९२४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल इथल्या कापड-ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या नेली कर्शॉ या तरुण कामगार स्त्रीचा मृत्यू झाला. तिच्या फुप्फुसांची तपासणी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १९३१ मध्ये तिथे कारखान्यांसाठी नियम आले. मात्र ब्रिटनने ॲस्बेस्टॉसचा वापर पूर्ण थांबवला तो १९९९ मध्ये आणि युरोपीय संघाने २००५ मध्ये. धोका कळल्यापासून वापर थांबेपर्यंत पाऊणशे वर्षं गेली.

म्हणून, तुमच्या समोर कोणी ब्रेकवरची धूळ फुंकत असेल तर त्याला थांबवा. आजच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस नसलं, तरी धातूंचे बारीक कण असतातच. जुन्या गाडीच्या ड्रममध्ये काय आहे, हे नुसतं बघून सांगता येत नाही. ओल्या फडक्याने पुसणं केव्हाही बरं.

दाब सगळीकडे सारखा

सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना चाकांवरचे ब्रेक फक्त मागेच असत. पुढची चाकं वळतात, त्यामुळे तिथपर्यंत सळया आणि तारा नेणं अवघड होतं. १९०८ च्या फोर्ड 'टी' गाडीत पायाचा ब्रेक गिअरपेटीवर काम करी आणि हाताची तरफ मागच्या चाकांच्या ड्रमवर. म्हणजे आपला 'हँडब्रेक' हा पुढे जोडलेला उपब्रेक नाही. तो मूळच्या दोन ब्रेकपैकी एक आहे.

तारा आणि सळया वापरण्यात एक मोठी अडचण होती. चारही चाकांवर सारखा जोर पडेल अशा बेताने त्या ताणणं फार कठीण. एका बाजूला जोर जास्त पडला की गाडी त्या बाजूला ओढली जाई. यातून सुटका केली ती सतराव्या शतकातल्या पास्कलच्या नियमाने. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीच्या गाडीला आणि १९२४ मध्ये त्या मानाने स्वस्त क्रायस्लर गाडीला चारही चाकांवर असे ब्रेक आले. फोर्ड कंपनीने मात्र १९३९ सालच्या गाड्या येईपर्यंत सळया सोडल्या नाहीत. द्रव गळाला तर काय, ही शंका अगदीच वेडगळ नव्हती. पुढे द्रवाच्या वाटा दोन स्वतंत्र भागांत विभागल्या गेल्या, त्या याच शंकेपोटी.

लँचेस्टर यांची चकतीही परत आली. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो, आणि उष्णता डब्यात कोंडते. चकती तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळच येते, शिवाय ती उघड्या हवेत असते. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मां इथली २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने ताशी सरासरी १७० किलोमीटरने जिंकली. १९५५ च्या सिट्रोएन 'डीएस' या गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते.

ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे बरंचसं काम पुढची चाकं करतात. म्हणून डिस्क आधी पुढे आल्या आणि मागे पुष्कळ वर्षं ड्रमच राहिले. आजही अनेक लहान गाड्यांत ते आहेत.

उभ्या गाडीचा प्रश्न

मागेही डिस्क लावायचं ठरलं, तेव्हा एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. घाटात उतारावर गाडी उभी करून आपण चहा प्यायला जातो. तेवढा वेळ तिला कोणी धरायचं? द्रवाच्या दाबावर ती तासन्‌तास धरून ठेवता येणार नाही. सीलमधून थेंबभर द्रव निसटला किंवा द्रव थंड होऊन आकसला, तरी दाब उतरतो. उभी गाडी धरायला घन पदार्थाचंच काहीतरी हवं. आपले ट्रकवाले चाकाखाली दगड लावतात, त्यामागे हेच कारण आहे.

यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे चकतीच्या मधल्या फुगीर भागात हँडब्रेकसाठी छोटासा ड्रम ठेवायचा. दुसरा म्हणजे कॅलिपरच्याच पिस्टनमध्ये एक स्क्रू बसवायचा आणि हँडब्रेकच्या तारेने तो फिरवायचा.

पॅड बदलण्याची गंमत इथे कळते. पॅड झिजत जातं तसा पिस्टन हळूहळू बाहेर येतो. नवं जाड पॅड मावायला तो परत आत ढकलावा लागतो. पुढच्या चाकाला क्लॅम्प लावून सरळ दाबलं की काम होतं. मागच्या स्क्रूवाल्या पिस्टनला मात्र दाबता दाबता फिरवावं लागतं, आणि त्यासाठी मिस्त्रींकडे वेगळं हत्यार असतं. तरीही इथपर्यंत सगळं समजण्यासारखं होतं. तार दिसत होती, तरफ दिसत होती. पिस्टन सरळ जात नाही म्हणजे आत आटे आहेत, हे हाताला कळत होतं.

तार गेली, मोटर आली

२००१ साली बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या '७ सीरिज' गाडीत हँडब्रेकची तरफ काढून टाकली आणि तिच्याजागी बटण दिलं. त्यानंतरच्या काळात कॅलिपरवरच छोटी विजेची मोटर बसवण्याची पद्धत पसरली. २००५ च्या फोक्सवॅगन पसाट गाडीत ती होती. आता आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही ती दिसते.

रचना अशी आहे. बटण दाबलं की मोटर फिरते. दातेरी चाकांमुळे तिची गती खूप कमी होते आणि जोर तेवढाच वाढतो. त्या जोराने पिस्टनच्या आतला स्क्रू फिरतो, त्यावरची नट पुढे सरकते आणि पिस्टनला आतून रेटते. पॅड चकतीला घट्ट धरतं. किती वीज लागते आहे यावरून संगणक जोराचा अंदाज घेतो आणि मोटर बंद करतो.

मोटर बंद झाल्यावर गाडीला कोण धरतं? नाव इलेक्ट्रॉनिक असलं, तरी धरून ठेवतो तो स्क्रू. त्याच्या आट्यांचा उतार इतका कमी असतो, की नट कितीही दाबली तरी स्क्रू उलटा फिरत नाही. चाक बदलताना आपण हाताने फिरवतो तो जॅक आठवा. हात काढला तरी गाडी खाली येत नाही. तत्त्व तेच. वीज लागते ती फक्त आवळायला आणि सोडायला.

मिस्त्रींचा घात केला तो याच गुणाने. नट पुढे आलेली असताना बाहेरून पिस्टन ढकलला, तर तो त्या नटेवर अडतो. तिला मागे नेऊ शकते ती फक्त मोटर. वरून जोर वाढवत नेला की आतलं काहीतरी मोडतं. म्हणून आधी 'दुरुस्ती-स्थिती' नावाची आज्ञा द्यायची. मोटर नट पार मागे नेते, आणि मग पिस्टन साध्या क्लॅम्पने सरळ आत जातो. नवे पॅड बसवले की पेडल काही वेळा दाबून पिस्टन पॅडला टेकवायचा, मग संगणकाला सांगायचं की काम झालं. तो मोटर चालवून नव्या पॅडची जागा मोजून घेतो.

ही आज्ञा न देता काम करण्यात आणखी एक धोका आहे. पॅड काढलेलं असताना कोणी चावी फिरवली किंवा दार उघडझाप केलं, तर काही गाड्यांत मोटर आपणहून चालू होऊ शकते. पिस्टनसमोर बोट असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

अनेक गाड्यांत आणखी एक सोय असते. घाट उतरून आलेल्या गाडीच्या चकत्या तापून जाड झालेल्या असतात. त्या थंड होताना आकसतात आणि पकड सैल पडते. म्हणून संगणक काही मिनिटांनी ब्रेक पुन्हा आवळतो. तारेच्या हँडब्रेकला हे जमत नव्हतं. ही अडचण जुनीच होती, तिच्यावर उत्तर मात्र आता मिळालं.

दुरुस्ती कोणाची?

नवी रचना वाईट आहे असं आम्हांला म्हणायचं नाही. ज्यांच्या हातात तरफ ओढायचा जोर नाही, त्यांना बटणाने सोय झाली. ब्रेकची आज्ञा कोणालाही सहज देता येऊ नये, यातही तथ्य आहे. प्रश्न आहे तो माहितीचा. काही गाड्यांत दुरुस्ती-स्थितीत जायला पेडल आणि बटण ठरावीक क्रमाने दाबणं पुरतं, आणि ते पुस्तिकेत छापलेलं असतं. काही गाड्या मात्र खास यंत्राशिवाय दाद देत नाहीत. ते यंत्र आणि ती माहिती फक्त कंपनीच्याच कार्यशाळेत मिळाली, तर रस्त्याकडेच्या मिस्त्रीने करायचं काय? त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. गिऱ्हाईक परत पाठवायचं किंवा अंदाजाने जोर लावायचा. ब्रेकच्या बाबतीत अंदाज चालत नाही.

याची जाणीव इतरत्रही झाली आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी कौल दिला, की मोटारीच्या दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी स्वतंत्र गॅरेजनाही दिली पाहिजे. युरोपीय संघाने २००७ च्या नियमांत अशी तरतूद केली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्या वर्षाच्या अखेरीला एक पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारी हेही एक क्षेत्र आहे.

दुसरी अर्धी जबाबदारी आपली, म्हणजे शिक्षकांची आहे. आमच्या मिस्त्रींनी शाळेत पास्कलचा नियम शिकला होता, स्क्रू हे साधं यंत्र आहे हेही शिकले होते. पण त्या धड्यांचा आणि चाकाच्या आतल्या वस्तूंचा संबंध कोणी दाखवला नव्हता. तो आपल्याला वर्गात दाखवता येईल.

साहित्य साधंच आहे. लहान आणि मोठी अशा सुया नसलेल्या दोन सिरिंज घ्या. त्या पाणी भरलेल्या नळीने जोडा. लहान दट्ट्या अंगठ्याने दाबा आणि मोठा दट्ट्या मुलांना अडवायला सांगा. कोण जिंकतं? मग मोठ्या दट्ट्यापुढे सुताराचा स्क्रूवाला क्लॅम्प आवळून ठेवा आणि पुन्हा दाबायला सांगा. आता कितीही जोर केला तरी दट्ट्या हलत नाही. तो हलवायचा तर काय करावं लागेल, हे मुलांनाच शोधू द्या. स्क्रू उलटा फिरवला पाहिजे, हे कोणीतरी सांगेलच.

आम्ही मिस्त्रींना हा प्रयोग गॅरेजमध्येच करून दाखवला. सिरिंज हातात घेऊन त्यांनी दोनदा दाबून पाहिलं, क्लॅम्प सोडला, पुन्हा आवळला.

"हे मला आधी कोणी दाखवलं असतं," ते म्हणाले, "तर मी जोर लावला नसता."

मग त्यांनी यंत्राची वायर स्टिअरिंगखालच्या खाचेत खुपसली. मागच्या चाकातून मोटरचा बारीक घरघर आवाज आला आणि थांबला. त्यांनी क्लॅम्प लावला. पिस्टन अलगद आत गेला.